आमच्या विहिरीचं पाणी

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी वर बघतो. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे असतात आणि मी मान वर करून छताला कुठे तांबूस रेघ दिसते का ते शोधत असतो. बायको विचारते, "पाल शोधताय का?" कुणी हौसेने नवं घर दाखवायला नेलं तर ओटा, कपाटं, बाल्कनी यांपेक्षा मला स्लॅबच्या खालच्या अंगात रस. लोकांना वाटतं, याचं आयुष्य बांधकामावर गेलं, सवय राहिली. मीही तसंच वाटू देतो. खरं कारण एक लहानसा स्लॅब आहे. वीस फूट बाय वीस फूट. तो सरकारी नव्हता, त्याच्या कुठल्या कागदावर माझी सही नव्हती, आणि तो माझ्यामुळे गेला.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी डिप्लोमा करून रत्नागिरीला सरकारी बांधकामावर ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. गाव जयगडच्या वाटेवर, खाडीच्या काठचं. शनिवारी दुपारच्या एसटीने घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. नोकरी लागल्या लागल्या मला खाडीवरच्या एका लहान पुलाच्या दुरुस्तीवर घातलं, आणि तिथे मी गंज काय असतो ते शिकलो. पुलाच्या पोटाला चिरा गेल्या होत्या, आतल्या सळया फुगून काँक्रीटचे पोपडे खाली पडत होते. आमचे थोरले साहेब बोलायला तुसडे, पण शिकवायचे मनापासून. म्हणायचे, सिमेंटमध्ये जो चुना असतो तो सळईला सांभाळतो. जोवर तिच्याभोवती पुरेसं, चांगलं काँक्रीट आहे तोवर ती पन्नास वर्षं झोपते. पण आत मीठ गेलं की संपलं. सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. बाहेरून गेलेलं मीठ एक वेळ हळूहळू जातं. कालवतानाच खारं पाणी घातलं, तर चोराला घरात झोपवून बाहेरून कडी लावल्यासारखं.

हे सगळं मी पाठ केलं आणि शेफारलो. वय चोवीस. गावात कुणाची गॅलरी, कुणाचा हौद, मी तिथे हजर. "वाळू समुद्राची नको. सळई फळीला टेकायला नको." लोकही मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी बौद्धवाडीतले एक गृहस्थ आमच्या अंगणात आले. साठीच्या आसपासचे, शिडशिडीत, खाकी हाफ पँट आणि पांढराशुभ्र सदरा. सगळी उमर मुंबईला गोदीत गेली होती. जहाजांचा गंज खरवडायचा आणि रंगाचा पहिला हात द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बायकोसह गावी आले होते. मी त्यांना काका म्हणायचो. आमच्या घरात नव्हे. त्यांच्या वाडीत गेलो की. घरात त्यांचा उल्लेख "गोदीवाले" असाच व्हायचा.

ते अंगणात उभे राहून म्हणाले, "आमी विहार बांधतोय. मुंबईच्या मंडळीनी ठरवलान, कौला नकोत, स्लॅब घालायचा. साहेब, तुमी जरा बघाल?"

वडील पडवीत सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणालो, "बघतो की. रविवारी येईन." मला आनंद झाला होता. काकांना वर बसा म्हणायचं मात्र मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि मी गप्प राहिलो. आता त्यातलं नक्की कुठलं ते मलाही सांगता येणार नाही.

मग मी सलग दहा-बारा रविवार त्या वाडीत गेलो. इतकं नेटकं काम मी पुढे सरकारी नोकरीतही क्वचित पाहिलं. वाळू नदीची आणली, तीही चाळून. सळया ट्रकमधून उतरल्या त्या दिवसापासून फळ्यांवर ठेवून वरून माडाचे झाप घातले होते. तरी खाडीच्या हवेने त्यांच्यावर तांबूस कळा आलीच. काकांनी मुंबईहून आणलेली टोकदार हातोडी आणि तारेचा ब्रश काढला आणि एकेक सळई मांडीवर घेऊन घासली. मी म्हणालो, "काका, एवढं नको, पातळ गंज चालतो." ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात चालत असंल. आमच्या गोदीत नाय चालायचा." घासून झाल्यावर हाताने चाचपायचे, बोटांना लाल लागलं तर पुन्हा घासायचे.

सळई तळाच्या फळीला टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंट-वाळूचे छोटे ठोकळे ठेवतात. आमच्याकडचे गवंडी त्याऐवजी जांभ्याच्या चिपा सारून मोकळे होत. जांभा पाणी पितो, त्याच्यातून ओल थेट सळईला. मी ठोकळ्यांचा हट्ट धरला. तर वाडीतल्या बायकांनी ते अंगावर घेतले. फळीवर इंचभर जाडीचा माल थापायचा आणि सुरीने खोबऱ्याच्या वड्या पाडाव्यात तशा चौकोनी वड्या पाडायच्या, प्रत्येकीत बांधायला तारेचा तुकडा खोचायचा. काकांची बायको त्यात सगळ्यांत पुढे. मी वर आणि फर्मान काढलं, की ठोकळे आठ दिवस पाण्यात ठेवायचे आणि पाणी गोडंच हवं, खारं एक थेंब नको.

त्या वाडीची विहीर खाडीलगत होती. पावसाळ्यापासून माघापर्यंत पाणी बरं असायचं, शिमग्यानंतर मचूळ व्हायला लागायचं, वैशाखात तोंडात धरवत नसे. पिण्याचं पाणी बायका मैलभरावरच्या झऱ्यावरून डोक्यावरून आणत. त्या पाण्यात त्यांनी माझे ठोकळे भिजवले. मला तेव्हा एवढंच वाटलं, की बायका शिकवलेलं नीट ऐकतात.

वरच्या अंगाला आमची विहीर होती. जांभ्यात खोदलेली, चार घरच्या भावकीची. वैशाखातही पुरुषभर पाणी, आणि गोडं.

स्लॅब ठरला बुद्धपौर्णिमेला. मुंबईची माणसं रजेवर आली होती, बुधवारी परत जाणार होती. स्लॅबसाठी पाणी बाहेरून आणायचं ठरलं होतं. वाळूवाला ट्रकवालाच पिंपं भरून आणणार होता. पण तो लग्नसराईचा महिना. ट्रकवाला रिकामी पिंपं उतरवून वऱ्हाड घेऊन गेला तो दापोलीकडे, आणि बुधवारपर्यंत येत नाही असा निरोप आला. स्लॅब रविवारी. झऱ्याची धार वैशाखात बारीक, एका रात्रीत तिथून एवढं पाणी होणार नव्हतं.

शनिवारी मी एसटीतून उतरलो तर काका फाट्यावर उभेच. त्यांनी ट्रकचं सांगितलं. मग चालता चालता म्हणाले, "किती पानी लागंल, साहेब? फकस्त कालवायला?"

मी हिशेब करून म्हणालो, "पाच पिंपं. फार तर सहा."

"वरच्या विहिरीला पानी हाय म्हनतात," ते म्हणाले. एवढंच. मागितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, रस्त्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "घरी विचारतो. जेवून येतो खाली."

घरी जेवायला बसलो. वडील आणि मी पानावर, आई वाढत होती. वडील मितभाषी आणि करारी. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. मला पहिल्या घासापासून विचारायचं होतं. त्यांचं उत्तर मला ऐकू येत होतं: आज स्लॅबला, उद्या प्यायला. मग चुलत्यांचा आवाज, मग चुलतभावांचा. मग मी काय म्हणणार, त्यावर ते काय म्हणणार. एवढं सगळं भांडण मी आमटीभात कालवता कालवता मनातल्या मनात करून टाकलं, आणि हरलोसुद्धा. शेवटी तोंडातून निघालं ते इतकंच, "यंदा विहिरीला पाणी कसं आहे?"

वडील म्हणाले, "हाय. पावसापर्यंत पुरंल."

मी ताक प्यायलो आणि उठलो. पुरेल म्हणजे देणार नाहीत, असा अर्थ मी लावला, कारण मला तोच हवा होता.

खाली गेलो. विहारापुढे सगळे जमलेले. सेंटरिंगच्या फळ्यांवर सळयांची जाळी कशी मांडली होती! एकेक गाठ ताठ, खाली ठोकळे रांगेत. माझ्या पुलाच्या साहेबांना आणून दाखवावी अशी. काकांनी विचारलं, "काय म्हनाले?"

मी म्हणालो, "काका, वरून पाणी कशाला आणायचं? तुमच्याच विहिरीचं चालेल की. मी तीन महिने तुमच्याकडे चहा पितोय, कुठे काय वाईट लागलं?"

आपण तिथे चहा पितो याचा मला केवढा अभिमान होता, ते या वाक्यावरून कळावं. तो चहा मी वेळ आली तेव्हा पुरावा म्हणून पुढे केला.

काकांची बायको ओट्यावर होती. ती म्हणाली, "चायचा पानी ह्या विहिरीचा नसतो."

मग काकांनी विहिरीतून काढलेली कळशी माझ्यापुढे धरली. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेवर धरलं. पाणी तपासायची आमची साधी रीत तीच: तोंडात धरवलं तर कामाला चालेल. ते धरवत नव्हतं. मी गिळलं. म्हणालो, "जरासं मचूळ आहे. सिमेंटला काही होत नाही."

काका म्हणाले, "सळईला?"

गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न तो. मी म्हणालो, "सळईलाही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हनता म्हंजे चालंल." आणि कळशी खाली ठेवली.

ज्यांनी माझ्या सांगण्यावरून प्यायच्या पाण्यात ठोकळे भिजवले, त्यांना मी हे सांगत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला. अख्खी वाडी रांगेत, घमेली हातोहात वर जात होती, आणि मी वर उभा राहून ओरडत होतो: इथे ठोका, तिथे ठोका, सळईवर पाय देऊ नका. संध्याकाळी त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला. पुढे पंधरा दिवस बायकांनी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरलं, त्याच विहिरीचं. म्हणजे आत मीठ होतंच, वरूनही पाजलं.

पावसाळ्यानंतर विहार रंगवला. खाली बालवाडी भरू लागली, संध्याकाळी मोठी मुलं अभ्यासाला बसू लागली. माझी बदली दापोलीला झाली आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. गावी आलो की त्या वाटेला जायचं टाळायचो. मनात कधी आलंच, तर म्हणायचो, वडिलांपुढे माझं काय चालणार होतं? असं म्हणून म्हणून मला ते खरं वाटायला लागलं. माझं लग्न झालं तेव्हा बायकोलाही मी हेच सांगितलं, की माझ्या वडिलांनी पाणी दिलं नाही.

सहाव्या उन्हाळ्यात रजेवर आलो तर आई म्हणाली, "खालच्या वाडीतल्या विहाराचा पोपडा पडला. पोरं घरी गेली व्हती म्हनून बरा."

आता जावंच लागलं. आत गेलो आणि वर बघितलं. पांढऱ्या छतावर तांबूस रेघा, एकीशेजारी एक, शाळेच्या वहीसारख्या आखलेल्या. प्रत्येक सळई कुठे आहे ते वाचता येत होतं. मधोमध हातभर पोपडा सुटून सळया उघड्या पडल्या होत्या, फुगून सोलवटलेल्या. त्याच्या बरोबर खाली मुलांचं जाजम अंथरलेलं होतं.

काका स्टुलावर चढून तीच गोदीतली हातोडी घेऊन छत ठोकत होते. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्याचा बद्द. बद्द, बद्द, बद्द असाच आवाज येत होता. मला बघून ते खाली उतरले. खूप म्हातारे झाले होते. म्हणाले, "ठोकळे बघा, साहेब. एक हललेला नाय."

खरंच. पोपडा पडला होता तिथे, सळईखाली, बायकांनी पाडलेली वडी तशीच चौकोनी बसून होती.

त्याच संध्याकाळी विहारात मंडळाची बैठक झाली. मुंबईची माणसं रजेवर आलेली, तापलेली. त्यांना राग काकांचा होता. जन्मभर ज्याने गंज काढला त्याच्या देखरेखीखालच्या सळया सहा वर्षांत गंजतात कशा? एकजण तोंडावर म्हणाला, "काका, तुमी घासल्याच नसणार नीट." मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली होती. एकाने विचारलं, "साहेब, तुमचं काय मत?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "समुद्राची हवा असते... बऱ्याच गोष्टी असतात." आणि मिठाची गुळणी धरून बसलो.

तेव्हा काका उभे राहिले. म्हणाले, "माझ्याकडूनच राहिला आसंल. शेवटच्या दिवसात डोळ्यांना कमी दिसत व्हता. सळया नीट घासल्या गेल्या नसतील." आणि खाली बसले. लोक शांत झाले, पुढचं बोलू लागले. काका हातांकडे बघत बसले होते. मी खुर्चीवरून हललो नाही.

सकाळी वडील विहिरीवर होते. मला कुणावर तरी राग काढायचा होता. मी म्हणालो, "तेव्हा पाच पिंपं पाणी दिलं असतं तर त्यांचा स्लॅब वाचला असता."

वडील म्हणाले, "कोनी?"

"तुम्ही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मना कदी इचारलास?"

मी म्हणालो, "विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"त्ये तवाचा तवा. नायबी म्हटला असता. आज कसा सांगू?" ते दोर गुंडाळत राहिले. "पन तू इचारला नाहीस."

सहा वर्षं मी माझा नकार त्यांच्या तोंडी घालून फिरत होतो. स्वतःच्या बापाची बदनामी बायकोपाशी करून चुकलो होतो. मी म्हणालो, "आता विचारतो. तो स्लॅब पाडून नवा घालावा लागेल. पाणी द्याल?"

वडिलांनी वाकून विहिरीत बघितलं. मग म्हणाले, "दोर जुना झालाय. नवा घेऊन ये." आणि घरात गेले. एवढ्यावर ते भागलं. भावकीचं पुढे ते बघून घेतील हे त्यांच्या चालण्यातच दिसत होतं.

मी तसाच खाली गेलो. काका ओट्यावर बसले होते, बायको दारात तांदूळ निवडत होती. वाटेत मी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "काका, सळया तुम्ही चांगल्याच घासल्या होत्या. पाणी खारं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. घरी मी विचारलंच नव्हतं."

काकांनी मान हलवली. त्यांची बायको सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, "त्या दिशी पानी आमीच भरला ना. भरनाऱ्याला चव कळत नाय व्हय?"

म्हणजे पाणी भरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. शाल दिली तेव्हाही ठाऊक होतं.

मी काकांना म्हणालो, "मग काल सगळ्यांसमोर स्वतःवर का घेतलंत?"

ते म्हणाले, "तुमी समोर बसला व्हतात. म्हटला, आता बोलाल. तुमी बोलला नाहीत. कोनीतरी बोलायला पायजे व्हता, पोरा भांडत व्हती. म्हनून मी बोललो." मग म्हणाले, "बसा. उभे का?"

मी बसलो. आमच्या विहिरीचं पाणी मिळेल हे मी सांगितलं. ते "बरा झाला" म्हणाले, त्यात ना आनंद होता ना टोमणा. मी म्हणालो, "आज संध्याकाळी मी मंडळासमोर सांगतो." ते म्हणाले, "सांगा." मी सांगितलंही, पण चार माणसं आदल्या रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली होती, आणि त्यांत काकांना तोंडावर बोललेला तो होता. त्याच्यापर्यंत ते कधी पोचलं की नाही, मला माहीत नाही.

ते नंतरचं. त्या सकाळी काकांची बायको सूप बाजूला ठेवून उठली आणि आत जाऊन चहा ठेवला. कपबशी माझ्यासमोर आली. वैशाख होता. वाडीची विहीर खारी झालेली होती, आणि झऱ्यावरून आणलेला तिचा हंडा दाराशी अजून ओला होता. मी खाली मान घालून तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.